नवा प्लग आणि चुकलेला ठोका

मंडळी, आज एका अगदी घरगुती तक्रारीपासून सुरुवात करू या. गाडी बरी चालत होती. ठरलेले किलोमीटर पूर्ण झाले म्हणून प्लग बदलून घेतले, आणि घरी येता येताच गाडी ‘मिसिंग’ मारायला लागली. सिग्नलला उभी राहिली की थरथरते, चढावर धक्के देते, पाय दाबला तरी पिकअप घेत नाही. मालक म्हणतो, प्लग डुप्लिकेट निघाले. दुकानदार म्हणतो, माल अस्सल आहे, बसवणाऱ्याचा हात चुकला. मिस्त्री म्हणतो, कॉइल आधीच गेलेली होती, आज फक्त कळलं. तिघंही ठामपणे बोलत असतात आणि तिघांपैकी कोणीही अजून बॉनेट उघडलेलं नसतं.

हा ‘मिसिंग’ शब्द आपल्या गॅरेजांनी मोठा नेमका उचलला आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एकामागून एक चार ठोके पडतात. त्यातला एक पडला नाही तरी इंजिन थांबत नाही, उरलेले तीन त्याला ओढत नेतात. पण चाल लंगडी होते. कवितेची ओळ म्हणताना एक मात्रा गळाली की ऐकणाऱ्याला शब्द कळतात, पण काहीतरी चुकलंय हेही लगेच कळतं. तसंच हे. प्रश्न एवढाच, की गळालेली मात्रा नेमकी कुठली, आणि ती गळाली कशामुळे? या एका प्रश्नाला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

प्लग ही वस्तू दिसायला किती साधी! मधे धातूची बारीक सळई, तिच्याभोवती पांढरंशुभ्र सिरॅमिकचं आवरण, बाहेर आट्यांचं लोखंडी कवच. खालच्या टोकाला साधारण एक मिलिमीटरची, कधी त्याहूनही कमी फट. या फटीतून विजेनं उडी मारायची. बॅटरी बिचारी बारा व्होल्टची, तिच्यानं ही उडी होत नाही. म्हणून कॉइल त्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा ही ठिणगी पडावी लागते. तीही ऐन वेळी, दाबलेल्या वायूत, आगीच्या शेजारी.

ठिणगीनं इंजिन चालवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती एतिएन लेन्वार या बेल्जियममध्ये जन्मलेल्या कारागिरानं. १८६० साली पॅरिसमध्ये त्यानं गॅसवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. त्यात बॅटरी होती, कॉइल होती आणि आजच्या प्लगचा पूर्वज म्हणता येईल असं ठिणगीचं साधनही होतं. पण त्या काळातली वीज भरवशाची नव्हती. म्हणूनच जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार फेऱ्यांचं इंजिन यशस्वी केलं, तेव्हा त्यांनी पेटती ज्योत वापरली. डाइमलर आणि मायबाख यांनी बाहेरून तापवलेली लालबुंद नळी वापरली. वीज सोडली नाही ती कार्ल बेंझ यांनी. ठिणगी वेळेवर पडावी म्हणून त्यांनी अपार खटपट केली.

त्या खटपटीची खरी परीक्षा घेतली ती त्यांच्या पत्नीनं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याचीच मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभर किलोमीटरहून अधिक वाट. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. विजेच्या एका तारेचं आवरण झिजलं, तेव्हा मोजे बांधायच्या पट्टीनं ती तार गुंडाळली, असं सांगितलं जातं. या हकिकतीत धाडसाचं कौतुक नेहमी होतं. मला त्यातलं निदान अधिक मोलाचं वाटतं. ठिणगीचा घोटाळा होता, पण दोष ठिणगीच्या जागी नव्हता. तो वाटेत, तारेत होता. दूरच्या प्रवासाला निघालेल्या पहिल्या मोटारीनंच हा धडा देऊन ठेवला.

पुढच्या पंधरा वर्षांत ठिणगीला भक्कम आधार मिळाला. श्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉश यांच्या कार्यशाळेनं १८८७ साली जागेवर चालणाऱ्या इंजिनांसाठी मॅग्नेटो बनवला. १८९७ साली तोच सुधारून एका तीनचाकीला बसवला. आणि १९०२ साली त्यांचे इंजिनिअर गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी तयार केली. आज आपण ज्याला स्पार्क प्लग म्हणतो त्याचं घराणं इथून स्थिरावलं. ‘जोडी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्लग एकटा कधीच काम करत नाही.

आता येऊ या निदानाच्या मुख्य गोष्टीकडे. १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी आली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या बनल्या. त्या घेणारे पुष्कळसे शेतकरी होते. जवळपास गॅरेज नव्हतं, मिस्त्री नव्हता. तेव्हा कंपनीनं गाडीबरोबर जी माहिती दिली, तिच्यात मिसिंग शोधायची रीत दिली होती. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल होती. लाकडी डबीतल्या अशा चार कॉइली चालकाच्या समोरच असत आणि प्रत्येकीच्या माथ्यावर गुणगुणणारी एक पत्ती असे. ती बोटानं दाबून धरली की तेवढा सिलिंडर गप्प.

रीत अशी: इंजिन चालू ठेवा. पहिल्या आणि चौथ्या कॉइलची पत्ती बोटांनी दाबा. आता दुसरा आणि तिसरा एवढेच चालताहेत. ते नीट ठोके देत असतील, तर दोषी पहिला किंवा चौथा. मग चौथा सोडा आणि बाकी तिन्ही दाबा. तो नीट चालला, तर घोटाळा पहिल्यात. सिलिंडर सापडला, आता कारण. दुसऱ्या, चांगल्या सिलिंडरचा प्लग तिथे लावून पाहा. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग बदला. नाही गेला, तर कॉइलींची अदलाबदल करा. तोही नसेल, तर तार पाहा.

मंडळी, निदानाचं सगळं शास्त्र या तीन पायऱ्यांत आहे. आधी वेगळं करा, मग तुलना करा, मग अदलाबदल करून पाहा दोष कोणाबरोबर जातो ते. यात नवीन वस्तू विकत घेण्याचा सल्ला सगळ्यांत शेवटी येतो. शंभर वर्षांनंतर आपण नेमकं उलट करतो. आधी खरेदी, मग विचार.

दरम्यान अमेरिकेतच चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमाराला कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची नवी रचना आणली. हळूहळू तीच जगभर रूढ झाली. आता चारही सिलिंडरांना मिळून एकच कॉइल. डिस्ट्रिब्युटर नावाचा वाटाड्या प्रत्येकाच्या दारात वीज नेऊन पोचवणार. खर्च वाचला, सोय झाली, आणि एक नवी चूक जन्माला आली. तारांची आलटापालट! बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांत ठोके एक-तीन-चार-दोन अशा क्रमानं पडतात. प्लग बदलताना चारही तारा एकदम काढल्या आणि परत लावताना दोन तारांनी घरं बदलली, की झालं. प्लग नवे, कॉइल उत्तम, ठिणगी कडक, पण अवेळी. इंजिन खोकतं आणि सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात. मुंबईची काळी-पिवळी प्रीमिअर पद्मिनी कित्येक वर्षं याच रचनेवर चालली. तिच्यावर हात बसलेला जुना उस्ताद नव्या पोराला पहिला नियम हाच शिकवी: एक तार काढ, एक प्लग बदल, तार लाव, मग दुसरीला हात. हा नियम कळायला पुस्तक लागत नाही, पण तो मोडला की अख्खी दुपार जाते. ‘उस्ताद’ हा शब्द गाण्याच्या बैठकीत आणि गॅरेजात सारख्याच आदरानं वापरला जातो, त्याचं कारण हेच असावं. दोन्हीकडे क्रम आणि काळ सांभाळणाऱ्याला मान आहे.

प्लगच्या अंगातही बदल होत गेले. सुरुवातीचं चिनी मातीचं आवरण उष्णतेनं तडकत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी अभ्रकाचं आवरण असलेले प्लग वापरले गेले. इंग्लंडमधले शर्यतपटू केनेल्म ली गिनेस यांचे प्लग त्यासाठी प्रसिद्ध होते. १९३० च्या दशकात ॲल्युमिनाचं कणखर सिरॅमिक आलं आणि ते आजवर टिकून आहे. त्याबरोबर एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात आली. प्लगचं टोक फार थंड राहिलं तर त्यावर काजळी साचते, फार तापलं तर ठिणगीआधीच पेट घेतो. म्हणून प्रत्येक इंजिनाला त्याच्या तब्येतीचा प्लग. आटे जुळले, प्लग बसला, म्हणजे तो त्या गाडीचा झाला असं नाही.

इंधनानंही प्लगला छळलं. १९२१ साली टॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिनाची खडखड थांबते, असं आढळलं. पण शिशाचे थर प्लगवर साचू लागले आणि वीज फटीतून उडी मारण्याऐवजी त्या थरातून गुपचूप निसटू लागली. म्हणून ते शिसं धुरावाटे बाहेर काढण्यासाठी ब्रोमीनचं संयुग मिसळलं गेलं. प्लग स्वच्छ राहिला. शिसं मात्र रस्त्यावरच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात गेलं. भारतात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. मोटारींसाठी ते विकणारा जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. एका ठोक्याच्या दुरुस्तीची किंमत कधी कधी दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते, हेही या इतिहासात नोंदवून ठेवायला हवं.

आता जरा आपल्या अंगणात. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या तिच्यावर बसून कचेरीत, बाजारात, लग्नाला गेल्या. ते टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळायचं, आणि त्याची काजळी प्लगवर बसायची. स्कूटर बंद पडली, की ती बाजूला घ्यायची, थोडी कलती करायची, डिकीतून प्लग-पाना काढायचा, प्लग पुसायचा, पॉलिशपेपरनं घासायचा आणि किक मारायची. बहुतेक वेळा स्कूटर चालू व्हायची. सिलिंडर एक, प्लग एक आणि दोषीही बहुधा तोच. त्यामुळे ‘गाडी मिस मारते म्हणजे प्लग’ हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं. तेव्हा ते बव्हंशी खरंही होतं.

गडबड पुढे झाली. इंजिन बदललं, सवय राहिली. आजच्या मोटारीत कार्ब्युरेटर नाही, पॉइंट नाहीत, पुष्कळ गाड्यांत डिस्ट्रिब्युटर आणि लांब तारासुद्धा नाहीत. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसलेली असते. गंमत पाहा, एका सिलिंडरला एक कॉइल, म्हणजे आपण फिरून मॉडेल टीच्याच रचनेकडे आलो! अशा इंजिनात मिसिंगची कारणं अनेक: ठिणगी, इंधन, हवा, व्हॉल्व्हची गळती. प्लग हा त्यातला फक्त एक संशयित. आणि पुष्कळदा तो आरोपी नसतोच, साक्षीदार असतो. काढलेल्या जुन्या प्लगचं तोंड पाहा. फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतं. ओलं तेलकट असेल तर ऑइल आत उतरतंय. आपण काय करतो? साक्षीदाराला कचऱ्यात टाकतो आणि मग खटला चालवायला बसतो.

या बहुसिलिंडरी कोड्याचं सगळ्यांत अवघड रूप आकाशात होतं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघालं. ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं. चार इंजिनं, प्रत्येकाला अठरा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीस. एवढ्या प्लगांतला बिघडलेला एक कानानं कसा शोधणार? त्या पिढीतल्या मोठ्या विमानांसाठी ‘इंजिन ॲनालायझर’ नावाचं यंत्र निघालं. फ्लाइट इंजिनिअर एकेका सिलिंडरची निवड करी आणि त्याच्या ठिणगीची रेघ छोट्या काचेच्या पडद्यावर उमटे. रेघेच्या आकारावरून जाणकाराला कळे, की प्लगवर थर साचलाय, की तार तुटलीय, की कॉइल दमलीय. उतरण्याआधीच कोणता प्लग पाहायचा ते ठरलेलं असे. पुढे तसाच पडदा मोठ्या शहरांतल्या गॅरेजांतही आला.

मग संगणक आला. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना स्वतःचा मिसिंग स्वतः ओळखणं बंधनकारक झालं. युक्ती फार सुरेख आहे. प्रत्येक ठोक्याला क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. ठोका चुकला, की तो दांडा क्षणभर किंचित मंदावतो. दातेरी चकतीजवळचा सेन्सर तेवढा मंदपणा टिपतो. कुठल्या क्षणी मंदावला त्यावरून सिलिंडर ठरतो. पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे ठोके कुठेही, कसेही चुकताहेत. जुना उस्ताद सायलेन्सरच्या तोंडाशी कान देऊन जे ऐकायचा, तेच हे यंत्र ऐकतं. भारतात २०१० नंतर ही यंत्रणा मोटारींमध्ये टप्प्याटप्प्यानं आली. पण तिची मर्यादा ओळखा. यंत्र घर दाखवतं, चोर दाखवत नाही. ‘तीन नंबरचा सिलिंडर’ एवढंच ते सांगतं. कारण माणसानंच शोधायचं.

तर मग आपल्या सुरुवातीच्या तक्रारीचं काय? प्लग बदलल्यावर लगेच मिसिंग सुरू झालं, तर पहिला नियम इतिहासानंच दिला आहे: शेवटी जिथे हात लागला तिथून शोध सुरू करा. प्लग काढताना कॉइलची पिन नीट बसली का, की नुसती टेकवली? जवळची एखादी हवेची रबरी नळी निसटली का? प्लगची फट त्या इंजिनाच्या मापाची आहे का? खोक्यातून पडलेला प्लग दिसायला नवाच असतो, पण त्याची फट मिटलेली असू शकते. पाना तिरका बसला तर सिरॅमिकला केसाएवढी तडा जाते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. कॉइलच्या रबरी टोपणाच्या आत बारीक काळी रेघ आहे का पाहा. ती विजेनं पाडलेली चोरवाट असते. जुन्या टोपणातल्या त्या रेघेवरून वीज नव्या प्लगच्या अंगावरही तशीच रेघ ओढते. शिवाय प्लगच्या विहिरीत ऑइल किंवा पाणी उतरलं आहे का?

एवढं पाहून झालं, की मॉडेल टीची रीत. यंत्र तीन नंबर म्हणत असेल, तर इंजिन बंद करून तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. तक्रार दुसऱ्यावर गेली, तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिली, तर आता प्लगची अदलाबदल. तरीही तिथेच, तर मग इंजेक्टर आणि सिलिंडरचा दाब तपासा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन एकदम हलवल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली हे कळत नाही. पैसे मात्र दोन्हींचे जातात. आणि कधी मिस्त्रीचं म्हणणंही खरं ठरतं: कॉइल खरोखरच आधीपासून दमलेली असते, हाताळताना तिचा शेवटचा धीर सुटतो. फक्त हे म्हणणं अदलाबदलीनंतर करावं, आधी नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पूर्वी चालू इंजिनाची तार उपटून ‘करंट’ पाहत. आजच्या कॉइलींवर तो प्रयोग माणसाला आणि संगणकाला, दोघांना महाग पडू शकतो. आणि इंजिनाचा पिवळा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळवतं. प्लगचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

२०२० च्या जानेवारीत चेतक पुन्हा बाजारात आली, पण विजेवर चालणारी. तिच्यात सिलिंडर नाही, काजळी नाही, प्लग नाही. पद्मिनी टॅक्सीची मुंबईतली शेवटची मुदतही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली. प्लग-पान्याची पिढी हळूहळू रस्त्यावरून उतरते आहे. पण विजेच्या गाडीतही तार असते, जोड असतो आणि तो जोड कधीतरी सैल होतोच. तिथेही कोणीतरी घाईनं महागडी वस्तू बदलायला सांगेल, आणि कोणीतरी शांतपणे विचारील, ‘शेवटचा हात कुठे लागला होता?’ ज्याला हा प्रश्न सुचेल, त्याच्या हाती गाडी द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)